होडीच्या रंगाची गाडी

माझ्या बाबांचा डावा डोळा एका पांढऱ्या गाडीपायी गेला. अपघात वगैरे काही झाला नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, बाबा आत पुढच्या सीटवर बसले होते, आणि ज्यांनी त्यांना मारलं त्यांना मारायचं होतं भलत्यालाच.

उरणकडे नातेवाइकांच्या घरी हळद होती. भाऊ गाडी चालवत होता. वाटेत बर्फ घ्यायला तो उतरला, आणि बाबा काच वर करून, एसीची हवा खात बसून राहिले. ऊन मी म्हणत होतं. त्याच सुमाराला तिकडच्या कंटेनर यार्डांच्या रस्त्यावर भरावाच्या मातीवरून कुणाचं तरी कुणाशी वाजलं होतं. ज्याला ठोकायचं त्याची खूण एका बाजूच्या पोरांना फोनवर मिळाली होती. पांढरी गाडी, मागच्या काचेवर ‘आई एकवीरा’, पुढच्या सीटवर गळ्यात चेन घातलेला माणूस.

काय खूण आहे बघा! आमच्या तळवलीपासून पार उरणपर्यंत कुठल्याही आगरी गावात उभे राहा आणि हात लांब करा. ज्या गाडीला हात लागेल ती पांढरी असणार, तिच्या मागे आई एकवीरा असणार आणि आतल्या माणसाच्या गळ्यात चेन असणार. चेन नसेल तर तो जावई समजायचा, माझ्या नवऱ्यासारखा बाहेरून आलेला. एवढ्या खुणेवर दांडके घेऊन निघणारी माणसं फक्त आमच्याकडेच निपजू शकतात.

पहिला फटका काचेवर बसला आणि काच बाबांच्या तोंडावर फुटली. मग दार उघडून त्यांना बाहेर ओढलं. पाठीवर, दंडावर, ढोपरांवर मारलं. बाबा ओरडत होते, “आरं मी नाय, मी नाय.” मार खाणारा प्रत्येकच जण असं ओरडतो, त्यामुळे कुणी थांबलं नाही. शेवटी एकाने त्यांना उताणं केलं, तोंड बघितलं आणि म्हणाला, “आरं, यो तं कोन म्हातारा हाय.” झालं. आले तसे गाड्यांत बसून गेले. जाताना त्यांच्यातल्या एकाने बाबांची रस्त्यात पडलेली चप्पल उचलून त्यांच्या पायाशी आणून ठेवली. बाबांनी मला हे नंतर हॉस्पिटलात सांगितलं. मारापेक्षा त्या चपलेबद्दलच ते जास्त वेळा बोलत.

रस्त्यापलीकडे शहाळ्याची गाडी होती. तिथल्या एका गिऱ्हाइकाने मारतानाचा व्हिडिओ काढला. वाचवायला त्याला हात नव्हते, मोबाईल धरायला होते. तो व्हिडिओ फिरत फिरत माझ्याकडे आला. त्यात एक जण नीट दिसतो. दाढी कोरलेली, डोक्याच्या दोन्ही बाजू भादरलेल्या, मनगटावर त्रिशूळ गोंदलेला. तोच सगळ्यात जास्त मारत होता. मी तो व्हिडिओ जेवताना बघितला, कोर्टाच्या जिन्यात उभी राहून बघितला, नवऱ्याने मोबाईल काढून घेतला तर दुसऱ्या मोबाईलवर बघितला. त्या माणसाचं मनगट माझ्या हातात येऊन मी ते उलटं पिरगाळते आहे, हाड मोडल्याचा आवाज होतो आहे, असं मला जागेपणी दिसायचं. त्याने बरं वाटायचं, हेही सांगून टाकते.

मी वकील आहे. बेलापूरला माझी बसायची जागा आहे, प्लॉटचे आणि वारसाचे दस्तऐवज करते. पोलिसांत रीतसर तक्रार द्यायची, व्हिडिओ जोडायचा, एकेकाला आत घालायचा, माझं सगळं ठरलेलं होतं. पण माझी वहिनी त्या पोरांच्याच गावची. तिचे सख्खे चुलते मारणाऱ्यांचे शेजारी. केस झाली तर वहिनीचं माहेर तुटणार, उद्या तिच्या पोरांच्या हळदीला मामाकडचं कुणी येणार नाही. गावाने ठरवलं, बसून मिटवायचं.

बैठक आमच्या गावातल्या देवळाच्या मंडपात झाली. त्या गावची चार वडीलधारी माणसं नारळ आणि शाल घेऊन आली. मारणाऱ्यांपैकी एकही आला नव्हता, आले होते त्यांचे काके-मामे. बाबा डोळ्यावर पट्टी बांधून, हात गळ्यात अडकवून खुर्चीवर बसले होते. त्यांच्यातला मोठा माणूस हात जोडून म्हणाला, “चूक झाली, आमी कबूल करतो. पोरांना सांगितलं व्हतं पांढरी गाडी, मागं आईचं नाव. तुमची बी तशीच निंगाली. गाडी चुकली बगा.”

सगळ्यांनी माना हलवल्या. गाडी चुकली. होतं असं कधीकधी. कुणीतरी चहा सांगितला.

मी बायकांमध्ये मागे बसले होते. कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. “गाडी चुकली?” मी ओरडले. “आनि बरोबर गाडी असती तर? मानूस बरोबर असता तर चाललं असतं का?”

मग आमच्याच गावचे एक आजोबा म्हणाले, “तुजी वकिली बेलापूरला, बाय. हितं बस खाली.” कुणीतरी माझा पदर ओढला. बाबा काहीच बोलले नाहीत. ते एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी नारळ घेतला. त्या नारळाचं खोबरं आमच्या घरात मी कुणालाही खाऊ दिलं नाही. अंगणात दगडावर आपटून त्याच्या ठिकऱ्या केल्या आणि उकिरड्यावर टाकल्या.

डावा डोळा गेलाच होता. डॉक्टरांची भीती उजव्याची होती. एक डोळा असा जखमी झाला की कधीकधी त्याच्यापाठोपाठ चांगला डोळाही बिघडतो, म्हणून त्यांना दर महिन्याला तपासायला आणा, हयगय केलीत तर दोन्ही जातील, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पहिल्या तपासणीला मी रिक्षा बोलावली. घणसोलीच्या सिग्नलला आमच्या डाव्या बाजूला एक मोटारसायकल येऊन थांबली, मागे बसलेल्याच्या हातात कसलासा पाइप होता. नळाचं काम करणारा असेल बिचारा. बाबा उजवीकडून खाली उतरले आणि भर रस्त्यातून, गाड्यांमधून, मोडक्या हाताने वाट काढत घराकडे चालायला लागले. माझ्या हाकांकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही.

त्यानंतर त्यांनी वाहनात बसणंच सोडलं. बस नको, रिक्षा नको. भावाने काच बदलून, ती पांढरी गाडी धुऊन दारात आणली, तर बाबा तिला लांबून वळसा घालून संडासाला जात. आम्ही समजावलं, रडलो, चिडलो. डॉक्टरांना घरी आणायचं म्हटलं तर तपासायची मशीन घरी येत नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. एकदा मी त्यांच्यावर खूप ओरडले. तुम्हाला आंधळं व्हायचंय का, असं तोंडावर विचारलं. तेव्हा ते जमिनीकडे बघत म्हणाले, “पांढरी नको, बाय. परत कोनी तरी चुकंल.”

त्या एका वाक्याने मला वेड लावलं. मला गाडी हवी होती. कुणाच्याही गाडीसारखी नसलेली. लांबून, धुळीत, घाईत, दारूच्या नशेतसुद्धा कुणाला दुसऱ्याची वाटू नये अशी. यात फक्त बाबांचं भलं होतं असं मी म्हणणार नाही. ती गाडी मला त्या गावाच्या नाक्यावरून रोज न्यायची होती. त्या पोरांनी ती बघावी, कुणाची आहे ते त्यांना कळावं आणि त्यांच्या पोटात गोळा यावा, हेही मला हवं होतं.

माझा नवरा साताऱ्याकडचा, बँकेत नोकरीला. त्याने गाडीचं नाव काढताच कपाळाला हात लावला. “पांढरी घे. ऊन लागत नाही, डाग दिसत नाही, विकताना गिऱ्हाईक पटकन मिळतंय.”

“मला विकायची नाहीये.”

“मग करडी घे.”

“करडी म्हणजे भित्री पांढरी,” मी म्हणाले. तो म्हणाला, तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. मग तो खरंच भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी जुन्या गाड्यांचे बाजार पालथे घातले. शेवटी एक चौकोनी, उंच, जीपसारखी गाडी मिळाली. पहिल्या मालकाने ती डोंगरात बडवलेली होती. तिच्या दणकटपणावर मी भाळले. रंगाचं मात्र ठरत नव्हतं. लाल बघितला, तो आता पोरंटोरं घेतात. केशरी बघितला, त्याचे अर्थ निघतात. मग एका रविवारी माहेरी गेले असताना पडवीच्या आढ्याला टांगलेलं वल्हं दिसलं.

खाडीत भराव पडायच्या आधी बाबांची होडी होती. गडद हिरवी, काठाला पिवळा पट्टा, नाकाला लाल ठिपका. प्रत्येक घराच्या होडीचे रंग ठरलेले असत आणि दुसरं कुणी ते वापरत नसे. आई बांधावर उभी राहून खाडीकडे बघायची. लांब कुठे हिरव्यावर पिवळं हललं की घरात येऊन चुलीवर भात ठेवायची. बाबा ओटा चढेपर्यंत भात शिजलेला असायचा. आई गेली, होडीही कुजून गेली. वल्ह्यावर मात्र त्या हिरव्याची खपली अजून चिकटलेली होती. ती मी नखाने काढली आणि रुमालात बांधून घेतली.

तुर्भ्याच्या गॅरेजमधल्या रंगाऱ्याने ती खपली उजेडात धरून बघितली आणि विचारलं, “मॅडम, पक्का ना? बाद में रोना नहीं.” मी म्हटलं, रडणारे दुसरे आहेत. आरटीओतून रंग बदलायची परवानगी काढली, आरसी बुकावर नोंद केली. वकिलीचा एवढा तरी उपयोग झाला. मागच्या काचेवर काहीही लिहिलं नाही. देवीचं माझं वाकडं नाही, पण तिचं नाव वाचून माणूस मारणाऱ्यांचं आहे.

गाडी घणसोलीच्या आमच्या सोसायटीत आली तेव्हा सेक्रेटरींनी गॅलरीतून विचारलं, “काय हो वहिनी, भाजीचा टेम्पो टाकलात का?” नवरा खाली आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “वाजंत्री कधी येणार?” ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला, दाराच्या फटीत, चाकाचे नट खोलायचा लांब लोखंडी पाना ठेवला आणि तळवलीला निघाले.

बाबा ओट्यावर बसले होते. गाडी वळणावर आली तशी ते उठून उभे राहिले. गाडी थांबली, मी उतरले. जवळ येऊन त्यांनी पिवळ्या पट्ट्यावरून हात फिरवला, पुढच्या बाजूला गेले, लाल ठिपका शोधला. तो होता. मग ते म्हणाले, “तुजी आय आसती तं भात ठेवला आसता.” आणि स्वतः दार उघडून पुढच्या सीटवर बसले. मी गाडीच्या मागे जाऊन रडले, कारण समोर रडले असते तर ते उतरले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्याच्या हॉस्पिटलला निघालो. बाबांनी सीटचा पट्टा लावला होता. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागल्यावर लोक वळून बघत होते, शाळेच्या बसमधली पोरं हात हलवत होती, आणि बाबाही एकदा हात हलवून मोकळे झाले. त्यांना हसताना मी कित्येक महिन्यांनी बघितलं. चाकात हवा कमी वाटली म्हणून मी एका पेट्रोल पंपावर गाडी घेतली.

हवेच्या मशीनपाशी तीन-चार तरुण मोटारसायकली लावून उभे होते. त्यांतला एक मोबाईल पुढे धरून गाडीजवळ आला. “ताई, कलर खतरनाक हाय!” असं म्हणत त्याने गमतीत डावीकडच्या काचेवर पंजा मारला. धाडकन आवाज झाला.

बाबा ओरडले. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ते सीटवर दुमडले. काचेवरच्या त्या हाताचं मनगट माझ्यासमोर होतं. त्रिशूळ. वर बघितलं. कोरलेली दाढी, बाजूने भादरलेलं डोकं.

पाना कधी हातात आला ते कळलं नाही. मी गाडीला वळसा घालून गेले आणि त्याच्या खांद्यावर घातला. त्याचा मोबाईल उडाला, तो गुडघ्यावर बसला. दुसरा फटका त्याने हातावर घेतला आणि किंचाळला. सांगायला हवं म्हणून सांगते, तो आवाज मला गोड लागला. त्याचे मित्र दोन पावलं मागे सरले. पंपावरची माणसं गोळा झाली आणि अर्थातच मोबाईल बाहेर आले. हिरव्या गाडीवाल्या बाईला आता सगळी नवी मुंबई ओळखणार होती.

“मी नाय, ताई,” तो रडत म्हणत होता. “दुसऱ्या कुनाला तरी समजताय. आईशप्पत मी नाय.”

मी पाना डोक्यावर उचलला. अशी दाढी प्रत्येक नाक्यावर चार जणांना असते. त्रिशूळ निम्म्या गावाच्या मनगटावर आहे. हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि तरीही हात खाली येत होता. आला असता.

“बाय, थांब.”

बाबा गाडीतून उतरले होते. दाराला धरून उभे होते. ते हळूहळू पुढे आले, माझ्या आणि त्याच्या मध्ये वाकले आणि एका डोळ्याने त्याचं तोंड नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

“योच हाय,” ते म्हणाले. “योच मारत व्हता. मंग चप्पल दिली मना ती बी यानीच.”

त्या माणसाचं रडणं बंद झालं. त्याने आता ‘मी नाय’ म्हटलं नाही. बाबांकडे बघायचंही टाळलं, मान खाली घालून बसला. म्हणजे मी चुकले नव्हते! हाच तो. मी पान्यावरची पकड घट्ट केली आणि बाबांना म्हणाले, “बाबा, बाजूला व्हा.”

बाबा बाजूला झाले. खरंच झाले. एक पाऊल सरकून उभे राहिले, आणि मग माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, “आता तं मानूस बरोबर हाय, बाय. मंग, चालंल का?”

मंडपात ते एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं होतं त्यांनी ऐकलंच नाही.

मी किती वेळ तशी उभी होते ते त्या मोबाईलवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे असेल. हात दुखायला लागला तेव्हा तो खाली घेतला. त्या माणसाच्या मित्रांनी त्याला उचलून मोटारसायकलवर बसवलं आणि ते गेले. त्याने तक्रार केली नाही. मीही केली नाही. बाबा गाडीत जाऊन बसले, पट्टा लावला, काच खाली केली आणि म्हणाले, “चल, डॉक्टर वाट बगंल.”

उजवा डोळा ठीक आहे. दर महिन्याला आम्ही जातो, त्याच गाडीने, त्याच रस्त्याने. पाना आता मागे डिकीत असतो, पण तो कुठे आहे हे मला गाडी चालवताना कायम माहीत असतं. माझा राग गेलेला नाही. तो व्हिडिओही मी पुसलेला नाही. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं, त्या दिवशी पंपावरही येत होतं. ते मी अजून त्यांना तोंडाने दिलेलं नाही, आणि त्यांनीही परत विचारलेलं नाही.